एका कातडीची दोन नावे

दिल्लीच्या उत्तर टोकाला, यमुनेच्या पात्रापासून फार दूर नसलेल्या बुराडी या वस्तीचे नाव साहित्याच्या इतिहासग्रंथांत आढळण्याचा संभव नाही. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दीड दशकात हिंदी वाचणाऱ्या असंख्य मुलांना हे नाव पाठ होते, कारण त्यांच्या हाती पडणाऱ्या चित्रकथांच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता म्हणून तेच छापलेले असे. राजकुमार गुप्ता यांच्या ‘राजा पॉकेट बुक्स’मधून ‘राज कॉमिक्स’ ही माला निघाली आणि १९८६ साली तिच्यात ‘नागराज’ अवतरला. कथा परशुराम शर्मा यांची, तर चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. दिल्लीच्या बाजारासाठी घडलेल्या या हिरव्या, खवलेदार देहाला पहिला आकार एका मराठी चित्रकाराच्या कुंचल्याने दिला, ही गोष्ट मराठी समीक्षेने कधी फारशी मनावर घेतली नाही. मनावर घेण्याजोगे असे साहित्य ते नव्हेच, असा एकंदर समज होता, आणि त्या समजाला कागदाचा दर्जा व छपाईचे भडक रंग यांचा भरपूर आधार होता.

पुढे या नागराजाची ख्याती दुष्टांचा कर्दनकाळ म्हणून झाली. त्यामुळे त्याच्या पहिल्या प्रवेशाचे स्वरूप बहुतेकांच्या विस्मरणात गेले. तो प्रथम अवतरला तो खलनायकाच्या पक्षात. नागमणी नावाचा एक शास्त्रज्ञ त्याला जगभरच्या आतंकवाद्यांपुढे एक शस्त्र म्हणून सादर करतो. ज्याला हवे त्याने दाम मोजावे आणि वापरावे. त्याच्या रक्तात सूक्ष्म सर्प वावरतात, मनगटांतून साप निघतात, फूत्काराने माणूस मरतो. आणि या सर्व सामर्थ्यावर त्याची स्वतःची सत्ता नाही, कारण त्याच्या मस्तकात नागमणीने एक कॅप्सूल बसवून ठेवले आहे. आज्ञा बाहेरून येते, देह ती पाळतो.

ही कल्पना १९८६च्या दिल्लीत सुचावी, यात नवल नाही. १९८४चा शिखांच्या हत्याकांडाचा नोव्हेंबर मागे पडून दोनच वर्षे झाली होती. १९८५च्या मे महिन्यात शहरात ठिकठिकाणी ट्रान्झिस्टरमध्ये दडवलेले बॉम्ब फुटले होते, आणि बसमध्ये, बाजारात, चित्रपटगृहात बेवारस वस्तूंना हात न लावण्याच्या सूचना लागल्या होत्या. जी वस्तू गाणी ऐकवते तीच जीव घेते, हे त्या शहरातील मुलांनी भाषेच्या आधी शिकून घेतले होते. नागमणीचा नागराज ही अशीच एक वस्तू होती. फरक इतकाच की तिला डोळे होते.

त्या काळात दक्षिण दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत एक मराठी कुटुंब राहत असे. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. आजी सांगली जिल्ह्यातील, शिराळ्याच्या पंचक्रोशीतून आलेली. घरात अमर चित्रकथेच्या पुस्तकांना मुक्त प्रवेश होता. नागराजाला मात्र मज्जाव होता, म्हणून तो गादीखाली राहत असे. वसाहतीच्या बाजारातला एक दुकानदार चार-आठ आण्यांत दिवसभरासाठी चित्रकथा भाड्याने देई, आणि या घरातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्याचे नियमित गिऱ्हाईक होता.

या मुलाच्या अंगावर खवले होते. हे अलंकारिक विधान नव्हे. पोटऱ्यांवर, दंडांवर आणि पाठीवर त्याची त्वचा जन्मानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून कोरडी पडून तडकत आली होती. एकमेकींना चिकटलेल्या करड्या चकत्यांनी ती भरून जाई. दिल्लीचा हिवाळा मराठी मुलखातल्या हिवाळ्यासारखा नसतो; त्या कोरड्या थंडीत चकत्यांच्या कडा उचलल्या जात आणि अंथरुणावर सकाळी भुसा पडलेला असे. श्रावणात, हवेत ओल आली की, तोच मुलगा बराचसा गुळगुळीत दिसे. डॉक्टरांनी रोगाचे नाव इक्थिऑसिस असे सांगितले होते. वडिलांनी शब्दकोश काढून पाहिले, तर या ग्रीक शब्दात मासा निघाला. आजीला त्या माशाचे काही देणेघेणे नव्हते. ती रात्री खोबरेल कोमट करून नातवाच्या पाठीला चोळी आणि म्हणे, “कात टाकायला आलंय पोर.”

शाळेतल्या मुलांना ग्रीक येत नव्हते, पण खवले कोणाचे असतात हे ठाऊक होते. त्यांनी त्याला सापच म्हटले. दोन वर्षे तो उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शाळेत गेला. मग गादीखाली नागराज आला. खवलेदार हिरव्या देहाचा एक पुरुष, जो अंग झाकत नाही, भर दिवसा भर बाजारात उभा राहतो आणि ज्याच्यापुढे पिस्तुले निकामी होतात. हिवाळा असूनही त्या मुलाने एके दिवशी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. चित्रकथांच्या वाङ्मयीन मूल्याविषयी ज्यांना प्रश्न पडतात त्यांनी ही घटना हिशेबात धरावयास हरकत नाही. ती पुरावा म्हणून पुरेशी नाही, हे मान्य आहे; पण पुष्कळ मान्यवर कादंबऱ्यांच्या बाजूने एवढाही पुरावा देता येत नाही.

पाश्चात्त्य चित्रकथांत प्राण्याचा देह बहुधा अधःपाताची खूण म्हणून येतो. १९६३ साली स्पायडरमॅनच्या मालेत आलेला ‘लिझर्ड’ हा त्याचा नमुना. डॉक्टर कॉनर्स हा एक हात गमावलेला सज्जन शल्यविशारद. सरड्या-पालींना तुटलेला अवयव पुन्हा फुटतो, मग माणसाला का फुटू नये, या विचाराने तो एक औषध तयार करतो. हात फुटतो, पण सोबत शेपूट आणि खवलेही फुटतात, आणि त्या खवल्यांबरोबर बुद्धी पाशवी होते. खवले गळले की कॉनर्स पुन्हा सज्जन. १९५९ सालचा ग्रॉड हा गोरिला, किंवा १९७०चा वटवाघूळ झालेला शास्त्रज्ञ, यांच्या कथांचा तपशील निराळा, पण त्यांतही कमी-अधिक प्रमाणात माणूसपण आणि सज्जनपण एकाच बाजूस धरलेले असते. स्वतः स्पायडरमॅन कोळ्याचे गुण घेतो, पण कोळ्याचा देह घेत नाही. त्याच्या अंगावर असतो तो पोशाख, जो काढता येतो. ही विभागणी इतकी सवयीची झाली आहे की ती विभागणी आहे, हेच सहसा लक्षात येत नाही.

बुराडीच्या नागराजाला आपले खवले काढून ठेवता येत नाहीत, आणि कथेला त्याची गरजही वाटत नाही. त्याच्यातील दुष्टपणा देहात नाही. तो मस्तकातल्या परक्या कॅप्सूलमध्ये आहे. ते कॅप्सूल कोण काढतो, हे मराठी वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगे आहे. ते काढतो बाबा गोरखनाथ.

ज्यांच्या घरी ‘नवनाथ भक्तिसार’ या मालुकवीच्या ग्रंथाचे पारायण झाले आहे, त्यांना गोरखनाथाचे हे काम नवे नाही. स्त्रीराज्यात रमून स्वतःला विसरलेल्या मच्छिंद्रनाथाला, आपल्याच गुरूला, सोडवून आणणारा तो हाच. दुसऱ्याच्या सत्तेखाली गेलेल्या मनाला त्याचे त्याला परत करणे हा नाथकथेचा एक मध्यवर्ती विषय आहे. त्याच ग्रंथात वटसिद्ध नागनाथाची जन्मकथा येते. तो सर्पिणीच्या अंड्यातून, वडाच्या ढोलीत जन्मास आला, आणि नाग-जन्माचा कलंक पुसून टाकण्याची आवश्यकता न भासता नवनाथांत गणला गेला. शिराळ्याची आख्यायिका तर याहून जवळची. गोरखनाथ भिक्षेला आले असता गृहिणी मातीच्या नागाची पूजा करण्यात गुंतली होती, म्हणून तिला उशीर झाला. तेव्हा नाथांनी मातीच्या नागाच्या जागी जिवंत नाग पूजेला दिला, असे तेथे सांगतात. जिवंत नागांच्या मिरवणुका वन्यजीव संरक्षणाचा कायदा आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे पुढे थांबल्या, आणि त्या थांबणे सापांच्या हिताचेच होते. परंतु नागाला घरातल्या मंडळींपैकी एक मानण्याची ती वृत्ती कायद्याच्या कक्षेत येत नाही.

दिल्लीतल्या चित्रकथाकारांनी मालुकवी वाचला होता, असे येथे सुचवायचे नाही. उत्तरेतही नाथपरंपरा जिवंत आहे आणि गोरखपूरचा मठ सर्वश्रुत आहे. शिवाय ‘नगीना’ हा चित्रपटही १९८६चाच. इच्छाधारी नागांची त्या वर्षी बाजारात काही वाण नव्हती. धंद्याची गरज म्हणून हाताशी आले ते लेखकांनी उचलले असेल. पण हाताशी काय येते, हे त्या त्या समाजाच्या मनावर अवलंबून असते. न्यूयॉर्कच्या लेखकाच्या हाताशी प्रयोगशाळा आली आणि उतारा म्हणून पुन्हा औषधच आले. दिल्लीच्या लेखकाच्या हाताशी प्रयोगशाळा आली आणि उतारा म्हणून एक जोगी आला.

येथवर सर्व ठीक होते. परंतु लोकप्रिय मालेला दर महिन्याला शत्रू लागतो, आणि नायकाच्या तोडीचा शत्रू हवा असेल तर नायकाच्याच साच्यातून काढणे सर्वांत सोपे. अशा रीतीने नागदंत आला. तोही नागमणीचीच निर्मिती. त्याच जातीचा देह, तशाच सर्पशक्ती, तेच विष. नागराजाच्या देहातून हद्दपार केलेला सगळा दुष्टावा या दुसऱ्या देहात भरण्यात आला. साप वाईट नसतो, असे पहिल्या अंकात सांगून झाल्यावर सापाविषयीची जुनी भीती शिल्लक राहिलीच होती. तिला ठेवायला कोठेतरी जागा हवी होती. नागदंत ही ती जागा होय. पुढच्या काळात नागपाशा हा अमर काका आला, इतरही पुष्कळ आले, आणि त्यांतील काही अधिक भव्य आहेत. तरी अस्वस्थ करणारा एकटा नागदंतच, कारण त्याच्या आणि नायकाच्या देहात काही भेद नाही. दोघांना उघडे करून शेजारी उभे केले तर केवळ त्वचेवरून त्यांतला खल कोणता, हे सांगता येणार नाही. ते कथेने सांगावे लागते.

शाळेने ते सांगितले. त्या मुलाच्या दुमडलेल्या बाह्या पाहून वर्गातल्या मुलांनी काही दिवस विचार केला असावा. त्यांनीही तीच पुस्तके वाचली होती. त्याच दुकानातून, बहुधा तीच प्रत. तो सर्प आहे याविषयी आता कोणाचा मतभेद नव्हता. स्वतः त्याचाही नव्हता. प्रश्न कोणता सर्प, इतकाच उरला होता. एका मधल्या सुट्टीत कोणीतरी मागून ओरडले, “ओए नागदंत!” आणि ते नाव शाळा सुटेपर्यंत चार वर्गांत पोहोचले. ते चपखल होते, हीच त्याची खरी इजा. ‘साप’ या शब्दाला तो उत्तर देऊ शकत होता, नागराजाकडे बोट दाखवू शकत होता. या नावाला उत्तर नव्हते, कारण ते त्याच्याच आवडत्या ग्रंथातून आले होते. बाह्या पुन्हा खाली आल्या.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या भूमीवर ती शाळा उभी होती तिथेही पूर्वी असेच झाल्याचे महाभारत सांगते. इंद्रप्रस्थाच्या वाटणीला खांडववन आले. ते तक्षक नागाचे निवासस्थान. कृष्ण आणि अर्जुन यांनी ते जाळले. बाहेर पडू पाहणाऱ्या प्रत्येक प्राण्याला परत आगीत ढकलले. तक्षक त्या दिवशी कुरुक्षेत्राला गेला होता म्हणून वाचला, पत्नी मेली, पुत्र अश्वसेन तेवढा निसटला. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मधील ‘मयसभा’ या लेखात या दहनाकडे धर्मकृत्य म्हणून पाहण्याचे नाकारले आणि त्यातील निर्दयता उघडी केली. साहित्य अकादमीने १९६८ साली गौरविलेल्या या ग्रंथातील तो कदाचित सर्वांत कठोर लेख असेल. परंपरेने इंद्रप्रस्थाचे स्थान आजच्या पुराना किल्ल्याच्या परिसरात मानले आहे. किल्ल्याच्या आत इंद्रपत नावाचे गाव विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदत होते. म्हणजे परंपरेच्या हिशेबाने पाहता या नगराचा पाया सर्पांच्या राखेवर घातलेला आहे.

नंतरचे सगळ्यांना माहीत आहे: परीक्षिताला तक्षकाचा दंश, जनमेजयाचे सर्पसत्र, आणि ते थांबवणारा आस्तीक, जो स्वतः नागकन्येचा पुत्र. परंतु या प्रकरणात खरा विचार करण्याजोगा आहे तो अश्वसेन. खांडवातून निसटलेला हा नाग कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर सुटतो. नेम हुकल्यावर तो परत येतो आणि ‘मला पुन्हा सोड’ म्हणून कर्णाला विनवतो. कर्ण नकार देतो. दुसऱ्याच्या बळावर जय मिळवणे त्याला नको आहे. सर्पाचा देह शस्त्र म्हणून वापरला जाणे आणि ते शस्त्र हातात घेण्यास कोणीतरी नकार देणे, या दोन्ही गोष्टी महाभारतात अशा आहेत. नागमणीपाशी कर्णाचा तो नकार नव्हता. पुढील वर्षांच्या चित्रकथांत नागराजाच्या पित्याचे नाव तक्षकराज असे निघाले. लेखकांच्या मनात खांडवाची राख होती की केवळ एक भारदस्त नाव हवे होते, हे ठरवण्याचे कारण नाही. यमुनेच्या त्याच काठावर, त्या राखेपासून काही कोसांवर तक्षकाच्या मुलाला नायकपद मिळाले, एवढे खरे.

त्या वर्षीच्या नागपंचमीला आजीने नेहमीप्रमाणे पाटावर गंधाने नऊ नाग काढले. दूध, लाह्या, दुर्वा, आघाडा मांडला. त्या दिवशी घरात काही चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडे उकडली होती. शेजारच्या पंजाबी बाईंना दरवर्षी याचे आश्चर्य वाटे. मुलगा पाटाजवळ येऊन बसला. हवेत ओल होती, त्याची कातडी बरी होती. त्याने गादीखालचे पुस्तक आणून आजीपुढे धरले आणि दोन चित्रे दाखवली.

“आजी, हा नागराज. आणि हा नागदंत. दोघं नागच. मग हा वाईट का?”

आजीने चष्मा लावून दोघांना नीट पाहिले. तिला हिंदी वाचता येत असले तरी चित्रांच्या गर्दीत फुग्यांतली अक्षरे सापडेनात. तिने कथा विचारून घेतली. नागमणी, कॅप्सूल, गोरखनाथ. गोरखनाथाचे नाव ऐकल्यावर तिने पाटाकडे पाहून हात जोडले. मग म्हणाली, “याच्याकडे गोरखनाथ गेले नसतील रे बाळा.”

“का नाही गेले?”

“अजून नसतील गेले.”

या ‘अजून’ने मुलाचे समाधान झाले नाही, आणि व्हायला नको होते. चित्रकथेचा नियम त्याला आजीपेक्षा चांगला समजला होता: नागदंत सुधारला तर पुढच्या महिन्याचा अंक कसा निघणार? तरीही समीक्षकाच्या दृष्टीने पाहता आजीचा प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवतो. एकाच्या मस्तकातील कॅप्सूल काढण्यात ज्या कथेने एवढी करुणा दाखवली, तिने दुसऱ्याच्या मस्तकात काय आहे, हे उघडून पाहण्याची तसदी का घेऊ नये? त्याच निर्मात्याच्या हातून, त्याच प्रयोगशाळेतून आलेला हा दुसरा देह जन्मतः दुष्ट धरण्यात बुराडीच्या लेखकांनी अखेर न्यूयॉर्कचाच नियम मान्य केला. त्यांनी फक्त तो एका सर्पाऐवजी दुसऱ्याला लावला.

मालेतील आणखी एका बदलाविषयी थोडक्यात सांगायला हवे. १९९५च्या सुमारास चित्रे अनुपम सिन्हा यांच्याकडे गेली. रेषा अधिक सफाईदार झाली, स्नायू अधिक फुगले. पुढील कथांत नागराज महानगरात ‘राज’ या नावाने, साध्या माणसाच्या कातडीत नोकरी करू लागला. परदेशी नायकांना दोन ओळखी असतात, मग आपल्याला का नको, हा त्यामागचा विचार असावा. गोष्टीला त्यामुळे पुष्कळ नवी वळणे मिळाली. पण मुळीकांचा आरंभीचा नागराज, जो आपल्या हिरव्या अंगाने सर्वत्र जात असे आणि ते कोणास खटकते याची पर्वा करीत नसे, तो त्या दिवशी मागे राहिला. नागराजानेही बाह्या खाली केल्या, असे म्हणता येईल.

तो मुलगा आता पन्नाशीच्या जवळ आला आहे. आजी केव्हाच गेली. ती वसाहतही सोडून झाली. खोबरेलाच्या जागी युरिया घातलेले मलम आले आहे, ते अधिक उपयोगी पडते. खवले कमी-जास्त होत राहतात. दर्यागंजच्या पदपथावरचा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ साली उठून आसफ अली मार्गाजवळच्या महिला हाटमध्ये गेला, तेथे तो कधीमधी जातो. एका जानेवारीत, ऊन नुकतेच वर आले असताना, एका विक्रेत्यापुढे जुन्या चित्रकथांचा ढीग पडला होता. आता हौशी संग्राहक मागतील ते दाम देतात, म्हणून विक्रेत्याने नागराजाचे सुरुवातीचे अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वेगळे ठेवले होते. ते त्याने आपण होऊन पुढे केले. गिऱ्हाइकाने ते बाजूला सारले, कोटाची आणि सदऱ्याची बाही वर ओढली आणि ढिगात हात घातला. तळाशी, मुखपृष्ठ अर्धे फाटलेल्या स्थितीत, नागदंत सापडला.

विक्रेत्याने एकदा त्या हाताकडे पाहिले, एकदा पुस्तकाकडे. मग म्हणाला, “फटा हुआ है, साहब। जो ठीक लगे दे दीजिए।”